डब्यासकट

काटेकाकांनी ठरवलं होतं, आज दवाखान्यात जायचं आणि तोंडावर सांगून यायचं: उरलेली तीन सलाइनं मला नकोत. आठ ठरली होती, पाच झाली, पुरे. न सांगता गुल होणं त्यांना जमलं नसतं. अडतीस वर्षं दुकान चालवलं, पण एकाही गिऱ्हाइकापासून कधी तोंड लपवलं नाही. काम सोडायचं तर समोर उभं राहून सोडायचं, एवढी रीत त्यांच्यापाशी अजून शिल्लक होती. बाकी फारसं काही शिल्लक राहिलेलं नव्हतं.

काटेकाका म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचली असेल तर शपथ. किराणावाले, सोनार, टपाल कचेरी, तान्ह्या बाळांचं वजन करणारा दवाखाना, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे यायचे. दोन पारड्यांचे तराजू, स्प्रिंगचे काटे, आता हे लाल आकडे दाखवणारे विजेवरचे. त्यांना सगळे सारखेच. काटा समोर आला की हे आधी त्यावर काहीच ठेवायचे नाहीत. नुसते बघत बसायचे. रिकामा काटा काय म्हणतो ते आधी ऐकायचं, मग बाकीचं. रिकाम्या तराजूचं एक पारडं जरासं झुकत असलं तर त्या फरकाला पासंग म्हणतात, आणि पासंग लपवणाऱ्या दुकानदाराचा ते असा काही पाणउतारा करायचे की बिचारा पुढची दोन वर्षं दुसऱ्या रस्त्यानं ये-जा करायचा.

दुसरा त्यांचा लाडका विषय म्हणजे डबा. तेल तोला, खिळे तोला, डब्याचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन कळत नाही. घरात याचा खेळच झाला होता. मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवर घेऊनच दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी राहायची आणि ओरडायची, "बाबा, डब्यासकट!" मग दप्तर धाडकन खाली टाकून, "आता नुसती मी!" धान्य मोजायचं लहानसं माप असतं ना, मापटं, तेच तिचं लाडाचं नाव पडलं. पुढे पुढे तर घरात कुणी चिडलं की दुसरं विचारायचं, "हा राग डब्यासकट आहे का?" म्हणजे बसमधल्या धक्काबुक्कीचा, उन्हाचा, उपाशीपणाचा राग वजा करा, मग आमच्यावरचा उरतो किती? बहुतेक वेळा काहीच उरायचा नाही आणि तिघंही हसायची. बायको तर म्हणायची, "तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी शून्य तपासून घ्यावं लागतं."

बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मापटं शिकलं, नोकरीला लागलं, आणि विमानानं जावं लागेल इतकं लांब राहायला गेलं. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. "बाबा, कसे आहात?" "ठीक." "जेवता ना?" "जेवतो की." "औषधं?" "घेतो." चार मिनिटं, कधी पाच. मग पुन्हा रविवारपर्यंत खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मधला तेरा पायऱ्यांचा जिना.

मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ सापडली तेव्हा मापटं महिनाभर येऊन राहिलं होतं. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलं की केमोची आठ सलाइनं घेतली तर ती पुन्हा उलटण्याची शक्यता कमी होईल. काकांनी मान डोलावली. लेकीला परत पाठवताना म्हणाले, "जा गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती गेली. तोवर सगळं खरंच ठीक होतं म्हणा ना.

ती गेल्यावर, पहिल्या सलाइनाच्या आधीच कधीतरी, ते सुरू झालं. आता हे "ते" म्हणजे काय, हेच सांगणं अवघड. रडू येत नव्हतं. बायको गेली तेव्हा ते ढसाढसा रडले होते, भिंतीला टेकून, लाजलज्जा सोडून. दुःख कसं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. हे नुसतं नकोसं होतं. सकाळी डोळा उघडला की चादरीचा काठ दिसायचा आणि तो बाजूला करण्यात काही अर्थ आहे असं वाटायचं नाही. जेवण कागदासारखं लागायचं. झोप तीन तास, उरलेली रात्र छताला. दुकान उघडायचे ते दहाचे बारा झाले, मग दिवसाआड झालं. सोनाराचा नाजूक तराजू, ज्याच्यावर त्यांचा भारी जीव, तीन आठवडे फडक्याखाली पडून होता आणि त्यांना फडकं उचलावंसं वाटलं नाही.

शेजारचा किल्लीवाला मनानं चांगला होता, पण जिभेला त्याच्या हाड नाही. रोज डोकावून सांगायचा, "काका, सगळं मनावर असतं बघा! मन खंबीर ठेवा, अर्धा आजार तिथंच पळतो!" तो गेला की काका हिशेबच लावायचे: अर्धा आजार पळत नाही, म्हणजे आपलं मन खंबीर नाही. गाठ निघाली, लेक पैसे पाठवते, डॉक्टर चांगले आहेत, आणि आपण तोंड पाडून बसलोय. कृतघ्न आहोत झालं. त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की ते आणखी कुणाशी बोलायचे नाहीत. असे चार महिने गेले. शेवटी त्यांनी ठरवलं, बास. भीतीनं नव्हे, रागानं नव्हे. पुढचं सलाइन घेऊन जी वर्षं वाढायची, ती घेऊन करायचं काय, हेच कळेना.

तर त्या गुरुवारी ते दवाखान्यात पोचले. रक्त मंगळवारीच देऊन झालं होतं. लांबलचक बोळ, भिंतीला टेकवलेल्या हिरव्या खुर्च्या, टोकाला काचेची खिडकी. खिडकीतून नेहमीप्रमाणे एक कागद आणि दोरीला बांधलेलं पेन बाहेर आलं. हा कागद दर खेपेला भरायचा असे. "गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला?" असं वर, आणि खाली नऊ प्रश्न. उदास वाटणं, कशात रस न वाटणं, झोप, भूक, थकवा, असलंच सगळं. समोर चार चौकटी: अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे एक, अर्ध्याहून जास्त दिवस म्हणजे दोन, जवळजवळ रोज म्हणजे तीन.

आता गंमत बघा. काका हा कागद खोटा भरत नव्हते. उलट भलत्याच प्रामाणिकपणे भरत होते. पहिल्या खेपेला त्यांनी विचार केला होता: उदास वाटतं का? वाटतं. पण ते तर रोजचंच आहे. कालही होतं, परवाही होतं. जे कायमच आहे तो झाला डबा. डब्याचं वजन मालात धरलं तर ती फसवणूक. तर डबा वजा करून या दोन आठवड्यांत नवीन काय वाढलं? काही नाही. शून्य. झोप? रोजचंच. शून्य. भूक? तेच. एकदा का माणसाला धंद्याची सवय लागली की ती कुठं कुठं घुसेल सांगता येत नाही. "जवळजवळ रोज" ही चौकट डोळ्यांसमोर असताना, रोजचं आहे म्हणूनच हे महाशय शून्याला खूण करत होते, आणि वर समाधान की आपण उगीच रडगाणं गायलं नाही. पाच कागद, पंचेचाळीस शून्यं. हा सहावा. त्यांनी भराभर नऊ खुणा केल्या आणि कागद गुडघ्यावर ठेवून बसले. मनात एकच वाक्य घोळवत होते, "उरलेली तीन मला नकोत."

"काका, वजन!" सिस्टरनं हाक मारली. ही सिस्टर ठेंगणी, भरभर बोलणारी, आणि रोज शंभर माणसांवर खेकसूनही कुणालाच तिचा राग येत नसे. तिनं बोळातल्या काट्याकडे बोट दाखवलं. आधीच्या खेपांना वजन आतल्या खोलीत व्हायचं. ती खोली आज रंगवायला काढली होती.

काका काट्यापाशी गेले आणि सवयीनं थांबले. रिकामा काटा. लाल आकडा म्हणत होता, एक किलो चारशे.

"चढा ना," सिस्टर म्हणाली.

"याच्यावर काही नाही आणि हा एक चारशे दाखवतोय."

"हो, माहितीये. ते आम्ही वजा करतो."

चार महिन्यांत पहिल्यांदा काटेकाकांचा पारा चढला. "वजा करतो? कशात? मनात?"

"मनातच की. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही चढा, मागे रांग आहे."

"पहिल्यापासून एक चारशेच दाखवतो का?"

सिस्टर जरा आठवून म्हणाली, "नाही. आधी अर्धा होता वाटतं. मग एक झाला. आता हा."

"अहो बाई!" काका इतक्या जोरात म्हणाले की रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या. ते गुडघ्यावर बसले, काट्याखाली हात घातला आणि पुठ्ठ्याची एक चुरगळलेली घडी बाहेर काढली. एका कोपऱ्याचा पाय तुटला होता, तिथं कुणीतरी पुठ्ठा सारला होता. "हा डबा नाही, हा बिघाड आहे! डबा वाढत नाही कधी. बिघाड वाढतो. आणि तुम्ही त्याला डबा समजून वजा करत बसलात! इथं वजनावर औषध ठरतं ना माणसाचं? काटा मोडलाय हे दिसतंय, रोज दिसतंय, आणि रोज दिसतंय म्हणून कुणी काही करत नाही, म्हणजे कमाल झाली!"

सिस्टर गोरीमोरी झाली. तिनं काट्यावर "बंद" असा कागद चिकटवला, रांगेतल्यांना थांबायला सांगितलं आणि काकांना वरच्या मजल्यावरच्या काट्यावर नेलं. काकांनी आधी शून्य तपासलं, मगच वर चढले. सत्तावन्न किलो.

सिस्टरनं वहीत पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी एकसष्ट. मग तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला आणि पाहिला. "काका, चार किलो उतरलात. आणि भुकेच्या प्रश्नाला शून्य?"

"ते काय, रोजचंच आहे."

"झोप किती?"

"तीन तास. पण तीही रोजचीच."

"आणि हे, कशात रस वाटत नाही, यालाही शून्य. दुकानात जाता का?"

"दिवसाआड. तेही नेहमीचंच."

"रोजचं म्हणून शून्य?" सिस्टरला खरंच कळलं नव्हतं. "असं कसं भरता हो तुम्ही?"

"रोजचं म्हणजे डबा," काका समजावून सांगू लागले. "तो वजा केला की..." आणि वाक्य तिथंच अडलं. दहा मिनिटांपूर्वी बोळात आपण काय ओरडलो ते त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं. जानेवारीत झोप पाच तास होती. मग चार. आता तीन. त्यांच्या हातात अजून ती पुठ्ठ्याची घडी होती. ते स्टुलावर बसले.

सिस्टरनं नवा कागद काढला. खेकसणं कुठल्या कुठं गेलं होतं. "मी वाचते, तुम्ही सांगा. वजा काही करायचं नाही."

"म्हणजे डब्यासकट?"

"हो, तुमच्या त्या डब्यासकट."

तीन. तीन. तीन. दोन. तीन. शेवटचा प्रश्न तिनं हळू आवाजात वाचला, मरणाच्या विचारांचा. काकांनी पुठ्ठ्याची घडी बोटांत फिरवली. "जीव द्यावा असं नाही येत मनात," ते म्हणाले. "पण राहावं असंही नाही वाटत." सिस्टरनं खूण केली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागद घेऊन थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मंगळवारचा रक्ताचा रिपोर्ट होताच. त्यांनी तो कागद आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवले. "काका, मी दोन खेपा कोड्यात पडले होते. रक्तात एक आकडा असतो. शरीरात कुठं दाह चालू असला, सूज असली, की तो चढतो. तुमचा चढलेलाच आहे. जंतू शोधले, ताप पाहिला, दात पाहिले, काही सापडेना. गाठीमुळे, ऑपरेशनमुळे, या औषधांमुळेही असा दाह राहू शकतो. बाहेरून दिसत नाही."

"मग त्याचा आणि या कागदाचा काय संबंध?"

"ताप आल्यावर तुम्ही काय करता?"

"पडून राहतो. भिंतीकडे तोंड करून."

"जेवण?"

"नको वाटतं. कुणी बोलायला आलेलंही नको वाटतं."

"शरीरच मेंदूला तसं कळवतं, की आता पडून राहा. काही माणसांत, सगळ्यांत नाही, हा आतला दाह तसाच निरोप देत राहतो. ताप उतरला की निरोप थांबतो. हा थांबत नाही. कॅन्सरच्या पेशंटमध्ये दाह आणि उदासी बरेचदा जोडीनं दिसतात. कोण कुणाला ओढतं हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि एकटेपणा, झोप, काळजी यांचाही हात असतोच. पण हे आजारात येतं काका. यालाही उपचार आहेत."

"म्हणजे रक्त बघून तुम्हाला कळलं असतं?"

"नाही. तो आकडा उदासी मोजत नाही. ती मोजायला माझ्याकडे हाच एक कागद होता, आणि त्यावर पाच वेळा शून्य होतं."

काकांनी दोन्ही कागद स्वतःकडे वळवून पाहिले. मग एकदम म्हणाले, "म्हणजे मी मनाचा कच्चा नाही?"

"नाही हो."

"कृतघ्न?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच स्वतःला सांगितलं होतं, रोज, चार महिने. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा काटेकाका रडले. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि घड्याळाकडे पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. रडून झाल्यावर काकांनी ते घोळवून आणलेलं वाक्य सांगितलंच: उरलेली तीन नकोत म्हणून सांगायला आलो होतो.

"निर्णय तुमचा," बाई म्हणाल्या. "आज नाहीतरी मी सलाइन लावणार नाही, वजन फार उतरलंय. दोन आठवडे थांबू. मनाच्या डॉक्टरांना मी आजच बोलावते. मग सांगा मला, हवं की नको."

काकांना आपलं दुकान आठवलं. दुरुस्तीला आलेल्या काट्याला ते दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचे, "यावर तोलू नये". एकदा एका वाण्यानं घाईत तसल्या काट्यावर गूळ तोलला होता, तर काकांनी सगळा पुन्हा तोलायला लावला होता. आणि आपण तसल्याच काट्यावर अख्खं आयुष्य तोलायला निघालो होतो. "दोन आठवड्यांनी सांगतो," ते म्हणाले.

मनाच्या डॉक्टरांना यायला तासभर होता. बोळातल्या हिरव्या खुर्च्या रिकाम्या होत आल्या होत्या. सलाइन घेऊन निघालेल्यांना न्यायला कुणी ना कुणी आलं होतं. कुणी पिशवी धरत होतं, कुणी चप्पल पुढे करत होतं. काकांनी ते रोजचं दृश्य पाहिलं आणि आज पहिल्यांदा ते वजा न करता तसंच राहू दिलं. फार एकटं वाटलं. मग त्यांनी फोन काढला. गुरुवार होता, रविवार नव्हता.

पहिल्याच घंटेला उचलला गेला. "बाबा? आज? काय झालं?"

"काही नाही गं. ठीक." सवयीचा शब्द तोंडातून निसटलाच. त्यांनी डोळे मिटले. "मापट्या, ऐक. डब्यासकट सांगू का?"

हा शब्द त्या दोघांत वीस वर्षांत निघाला नव्हता.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "दार लावून बसते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांगा."

त्यांनी सांगितलं. चादरीचा काठ, कागदासारखं जेवण, फडक्याखालचा तराजू, सत्तावन्न किलो, आज काय सांगायला आलो होतो ते, आणि दोन आठवडे थांबायचं ठरलं तेही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी शनिवारी येते," ती म्हणाली. "आणि नको म्हणू नका. दर रविवारी मी विचारते, तुम्ही ठीक म्हणता, आणि मी फोन ठेवून बसून राहते. मला वाटायचं, बाबांना माझ्यावाचून काही अडत नाही. माझी आठवण येते असं एकदासुद्धा म्हणाला नाहीत तुम्ही."

काटेकाकांनी हातातली पुठ्ठ्याची घडी उलगडली, पुन्हा मिटली.

"ती तर रोजच येते गं," ते म्हणाले. "म्हणून धरली नव्हती."